किल्टधारी सैनिकांची जुनी स्टुडिओ छायाचित्रे : रेजिमेंट आणि काळ कसा ठरवावा?

तळघर (धागाकर्ता)

स्कॉटलंडपासून दूर नेमणुकीवर असलेल्या सैनिकांनी स्टुडिओत जाऊन काढून घेतलेली जुनी छायाचित्रे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. १८६० नंतर कैरो, व्हॅलेटा, हाँगकाँग, मुंबई, रावळपिंडी अशा छावणीच्या शहरांत छायाचित्रकारांची दुकाने वाढली आणि साध्या शिपायालाही स्वतःची छबी पुठ्ठ्यावर चिकटवून घरी पाठवणे परवडू लागले. अशी कार्डे आज जुन्या बाजारात, लिलावात आणि कुटुंबांच्या पेट्यांत सापडतात, आणि ती हातात येताच प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘हा कोण?’ माझे ठाम मत आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी पुठ्ठा, मग कपडे, मग पदके, मग स्टुडिओतले सामान आणि त्यानंतरच नाव, या क्रमाने गेले तर छायाचित्र स्वतःविषयी बरेच काही सांगते. पाठीमागे कोणी तरी लिहिलेले नाव आधी वाचले की डोळा त्या नावाला सोयीचे तेवढेच पाहतो.

एक उदाहरण चर्चेसाठी ठेवतो. कार्ड कॅबिनेट आकाराचे, म्हणजे साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटरचे आहे. खालची सोनेरी अक्षरे झिजली आहेत. ‘रावळपिंडी’ एवढेच वाचता येते. सैनिक पूर्ण उभा आहे. अंगात काळसर दिसणारा डब्लेट, म्हणजे खाली चार झालरी असलेला स्कॉटिश लष्करी कोट, त्याखाली किल्ट, म्हणजे चौकडीचा स्कॉटिश घागरा, कमरेपुढे पांढऱ्या केसांचा स्पोरन, म्हणजे पुढे लटकणारी पिशवी, आणि त्यावर दोन लांब काळे गोंडे, पायात चौकडीचे मोजे आणि पांढरे गेटर (घोट्यावरची कापडी आवरणे). हातात ग्लेनगॅरी टोपी आहे आणि तिच्यावर हरणाच्या डोक्याचे चिन्ह आहे, पण धातू इतका चकाकला आहे की त्याभोवतीचे बारकावे पांढऱ्या डागात हरवले आहेत. डाव्या छातीवर पदके आहेत. एक गोल पदक आणि एक तारा स्पष्ट दिसतो. उरलेला भाग खांद्यावरून आलेल्या पट्ट्याच्या सावलीत आहे. डाव्या हाताच्या मनगटाकडच्या भागावर टोक वर असलेल्या दोन पट्ट्या आहेत. मागे पेन्सिलीने, बऱ्याच नंतरच्या वाटणाऱ्या अक्षरात, ‘गॉर्डन हायलँडर्स’ असे इंग्रजीत लिहिले आहे.

पेन्सिलीची नोंद बाजूला ठेवून, हा माणूस कोणत्या रेजिमेंटचा आणि छायाचित्र कोणत्या काळातले, हे कसे ठरवावे? आणि पुरावा म्हणून नेमके कशाला मानावे?

---

कोल्हापुरी_कॅमेरा

आमच्या घरात तीन पिढ्यांचा स्टुडिओ आहे, म्हणून कपड्यांविषयी बोलण्याआधी काचेच्या प्लेटविषयी बोलतो. ती समजून घेतली नाही, तर पुढचे सगळे अंदाज चुकतात.

त्या काळची कोलोडियनची ओली प्लेट आणि १८७० च्या दशकाअखेर बाजारात आलेली साधी कोरडी प्लेट, या दोन्ही मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नाही, पिवळाही फार थोडा दिसतो. त्यामुळे भडक लाल कोट छायाचित्रात काळा उमटतो, पिवळी कॉलर गडद उमटते आणि गडद निळा रंग अपेक्षेपेक्षा बराच फिका उमटतो. तुमचा ‘काळसर डब्लेट’ प्रत्यक्षात लाल असणार. छायाचित्रातला गडदपणा म्हणजे कापडाचा गडदपणा नव्हे, हे सूत्र समोर ठेवूनच पुढे जावे.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. १८८० च्या दशकात पिवळ्या-हिरव्याला प्रतिसाद देणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा विकल्या जाऊ लागल्या होत्या. छावणीतल्या स्टुडिओत कोणती प्लेट वापरली हे कार्डावर लिहिलेले नसते. म्हणून पिवळ्या रंगाविषयीचे अनुमान थोडे सैल ठेवावे. लाल रंगाविषयीचे मात्र घट्ट धरता येते.

---

दप्तरदार

पदकांविषयी लिहितो. तो तारा पाचच टोकांचा असेल आणि वर राजमुकुट असेल, तर तो काबूल ते कंदाहार मोहिमेचा कांस्य तारा. ऑगस्ट १८८० मध्ये जनरल रॉबर्ट्स यांनी काबूलहून सैन्य हलवून तीन आठवड्यांच्या आसपास सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर कापले आणि १ सप्टेंबर १८८० रोजी कंदाहारजवळ अयुब खानाचा पराभव केला. तिथे हाती लागलेल्या तोफांच्या धातूपासून हे तारे घडवले गेले. त्या कूचात दोन हायलँडर रेजिमेंट होत्या, ७२वी आणि ९२वी. पुढच्याच वर्षी, ब्रिटिश पायदळाच्या १८८१ च्या पुनर्रचनेत, ७२वी ही सीफोर्थ हायलँडर्सची पहिली बटालियन झाली आणि ९२वी ही गॉर्डन हायलँडर्सची दुसरी.

आता एक महत्त्वाचा फरक. ९२व्या रेजिमेंटमध्ये किल्ट होता. ७२व्या रेजिमेंटमध्ये १८८१ पर्यंत चौकडीच्या तुमानी होत्या. किल्ट त्यांना पुनर्रचनेनंतर मिळाला. म्हणून कंदाहारचा तारा आणि किल्ट एकत्र दिसले की प्रथमदर्शनी गॉर्डनचीच शक्यता वर येते. पेन्सिलीची नोंदही तेच म्हणते.

ताऱ्याची फीत नीट पाहावी. तिच्यात एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळा, असे इंद्रधनुष्यासारखे रंग एकमेकांत मिसळत जातात. कोल्हापुरी_कॅमेरा यांच्या सूत्राप्रमाणे ती एका कडेला काळी आणि दुसऱ्या कडेला फिकी दिसायला हवी. तशी दिसत असेल, तर मुकुट झिजलेला असला तरी तारा ओळखता येतो. शेजारचे गोल पदक अफगाण युद्धाचे असेल, तर त्याची फीत मध्ये हिरवी आणि कडांना किरमिजी असते, म्हणजे ती सगळीच गडद उमटेल.

---

तळघर

फीत तशीच आहे. एक कड काळी, दुसरी फिकी. शेजारच्या गोल पदकाची फीत पूर्ण गडद आहे.

---

कापडपेठ

मी इचलकरंजीत कापडाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझे लक्ष टार्टनकडे, म्हणजे किल्टच्या चौकडीच्या नक्षीकडे, आणि मोज्यांकडे गेले.

गॉर्डन आणि सीफोर्थ या दोन्ही रेजिमेंटच्या किल्टचा पाया एकच, निळा-काळा-हिरवा सरकारी टार्टन. गॉर्डनमध्ये त्यावर पिवळी रेघ असते, सीफोर्थच्या मॅकेंझी टार्टनमध्ये पांढरी आणि लाल रेघ असते. साध्या प्लेटवर पिवळी रेघ हिरव्या-काळ्यात बुडून जाते आणि लाल रेघही बुडते, पण पांढरी रेघ बुडण्याचे काहीच कारण नाही. म्हणून किल्टच्या घड्यांवर एक पातळ पांढरी जाळी दिसत असेल, तर ती गॉर्डनच्या विरुद्ध जाणारी खूण आहे. अडचण एवढीच की घड्या पडल्याने रेघ तुटते आणि कागद पिवळा पडला की ती पुसट होते.

त्याहून भरवशाची जागा म्हणजे मोजे. गॉर्डनच्या मोज्यांची चौकडी लाल आणि काळी, सीफोर्थची लाल आणि पांढरी. आता वरचे सूत्र लावा. लाल हा काळा उमटतो, म्हणजे गॉर्डनचे मोजे छायाचित्रात जवळजवळ एकसंध काळे दिसतील आणि चौकडी शोधावी लागेल. सीफोर्थचे मोजे मात्र बुद्धिबळाच्या पटासारखे स्वच्छ काळे-पांढरे दिसतील. धागाकर्त्यांनी ‘चौकडीचे मोजे’ असे सहज लिहिले आहे, म्हणजे चौकडी त्यांना सहज दिसली. ब्लॅक वॉच या आणखी एका हायलँड रेजिमेंटचे मोजेही लाल-काळे असतात, परंतु त्यांच्या स्पोरनवर पाच आखूड काळे गोंडे असतात, त्यामुळे ती शक्यता आधीच गळते. कॅमेरॉन हायलँडर्सचा स्पोरन काळा असतो आणि गोंडे पांढरे, म्हणून तीही गळते.

---

वाचनवेडी

चर्चा मनापासून वाचते आहे, आणि मनात एक अस्वस्थता आहे ती इथे मांडते. ७८वी हायलँडर्स १८५७ मध्ये ब्रिटिश सेनापती हॅवलॉकबरोबर कानपूर आणि लखनौच्या लढायांत होती. ९३वी हायलँडर्स नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत शिरली आणि तिथे आत अडकलेल्या शिपायांची कत्तल झाली. त्या आवारात विखुरलेली हाडे दाखवणारे छायाचित्र फेलिचे बेआतो यांनी १८५८ मध्ये घेतले आणि ते आजही पाहवत नाही. त्याच सैन्यातली माणसे पडद्यापुढे रंगवलेल्या कठड्याला टेकून, मोजे ताणून, केस विंचरून उभी राहिली. आपण त्यांच्या मोज्यांची चौकडी इतक्या प्रेमाने मोजतो तेव्हा ती दुसरी छायाचित्रे कुठे जातात? स्टुडिओचे छायाचित्र हे सैनिकाने स्वतःविषयी निवडून सांगितलेले म्हणणे आहे. ते आपण जसेच्या तसे स्वीकारावे का?

---

भोकरदन

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि तो मला माझ्या गावाच्या जवळून आठवतो. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आमच्या जालना जिल्ह्यातली. दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या सैन्याविरुद्ध ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर रेजिमेंट होत्या. ७४व्या रेजिमेंटचे त्या दिवशी जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि शिंद्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहीत, हे इंग्रजांच्याच वृत्तांतांत नोंदलेले आहे.

या लढाईच्या सन्मानार्थ दोन्ही रेजिमेंटना हत्तीचे चिन्ह आणि ‘असई’ हे नाव मिळाले. १८८१ मध्ये ७४वी हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली आणि ७८वी सीफोर्थमध्ये. त्यामुळे रावळपिंडीत काढलेल्या एखाद्या छायाचित्रात, ग्लासगो किंवा इन्व्हरनेसकडच्या तरुणाच्या गणवेशावर आमच्या गावचे नाव असलेला हत्ती दिसू शकतो. त्या तरुणाला असई नकाशावर दाखवता आली असती की नाही, कोण जाणे. मला मात्र ती दिसते, आणि म्हणूनच मी ही छायाचित्रे पाहतो. विजेत्यांनी आपला विजय अंगावर कसा वागवला, हे जिथे लढाई झाली तिथल्या माणसांनीही पाहिले पाहिजे. अभ्यास म्हणजे गौरव नव्हे.

---

वाचनवेडी

भोकरदन, हे उत्तर मला पटते. माझा आक्षेप अभ्यासाला नाही. ज्या अभ्यासात फक्त बटणे उरतात, त्याला आहे.

---

ॲबरडीनकर

मी कामानिमित्त ॲबरडीनमध्ये राहतो. इथे गॉर्डन हायलँडर्सचे संग्रहालय आहे, इन्व्हरनेसजवळच्या फोर्ट जॉर्जमध्ये सीफोर्थ आणि कॅमेरॉन यांचा वारसा सांगणारे संग्रहालय आहे, पर्थच्या बॅल्हाउझी किल्ल्यात ब्लॅक वॉचचे आणि स्टर्लिंगच्या किल्ल्यात आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सचे. या विषयात रुची असलेल्यांनी प्रत्यक्ष गणवेशांसमोर उभे राहावे, कारण धातूच्या चिन्हाची जाडी आणि कॉलरवरची त्याची नेमकी जागा पुस्तकातल्या रेखाटनावरून कळत नाही.

भोकरदन यांनी हत्तीचा उल्लेख केला, तोच या कार्डाचा निकाल लावू शकेल. हरणाचे डोके गॉर्डन आणि सीफोर्थ या दोघांच्याही टोपीवर असते. गॉर्डनच्या चिन्हाभोवती आयव्हीच्या पानांची माळ असते, सीफोर्थच्या चिन्हाला ती नसते; पण तुमच्या कार्डात नेमका तोच भाग चकाकीत गेला आहे. कॉलर पाहा. पुनर्रचनेनंतर गॉर्डनच्या शिपायांच्या कॉलरवर वाघ असतो. तो पुनर्रचनेत गॉर्डनमध्ये आलेल्या ७५व्या रेजिमेंटचा वारसा, तिने हिंदुस्थानात केलेल्या सेवेबद्दल मिळालेला. सीफोर्थच्या कॉलरवर असईचा हत्ती असतो. हायलँड लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातही हत्ती आहे, परंतु ती मंडळी त्या काळात किल्ट नव्हे, तुमानी घालत. तेव्हा किल्ट आणि हत्ती एकत्र आले, तर सीफोर्थ.

कृपया कॉलर आणि पदकांची जागा १२०० डीपीआयवर स्कॅन करावी. कार्ड काचेवर दाबू नये, पुठ्ठा वाकला असेल तर छायाचित्राच्या कागदावरच्या अल्ब्युमिनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या, थराला तडे जातात.

---

पश्चिमा

संगणकावर रंग भरून देणारी सोय हल्ली सहज मिळते. ती वापरून पाहिली तर रेजिमेंट ओळखायला मदत होईल का?

---

कोल्हापुरी_कॅमेरा

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. काळ्या दिसणाऱ्या कोटाला ती सोय काळा किंवा गडद निळा रंग देते, कारण तो लाल होता हे करड्या छटेत उरलेलेच नसते. एकदा असे रंगीत चित्र पसरले की पुढची पिढी त्यालाच पुरावा मानते. त्या काळातही हिंदुस्थानातल्या स्टुडिओंत छायाचित्रांवर हाताने रंग भरणारे कुशल चित्रकार होते. त्यांचे काम स्वतंत्र कला म्हणून मोलाचे आहे. गणवेशाचा पुरावा म्हणून ते जपून वापरावे, कारण सैनिक निघून गेल्यावर रंग आठवणीवरून किंवा सांगण्यावरून भरले जात.

स्टुडिओतल्या सामानाविषयीही लिहितो, कारण तिकडे कोणी वळले नाही. रंगवलेला पडदा, कागदाच्या लगद्याचा खडक, लाकडी कठडा, पायाखालचा गालिचा, या वस्तू एका स्टुडिओत अनेक वर्षे वापरल्या जात. नाव झिजलेल्या कार्डावरचा पडदा, नाव शाबूत असलेल्या दुसऱ्या कार्डावरच्या पडद्याशी जुळला, की स्टुडिओ मिळतो. पडद्यावरचा ओघळ, एखादी घडी, गालिच्याची उसवलेली कड असे दोष जुळवावेत; नक्षी जुळवू नये, कारण तयार पडदे विकत मिळत आणि एकाच नक्षीचे अनेक असू शकत. बुटांच्या मागे कधीकधी लोखंडी बैठकीचा पाया दिसतो. डोके हलू नये म्हणून मानेमागे लावायच्या दांड्याची ती बैठक असते. कोरड्या प्लेटांनी प्रकाश द्यायचा वेळ कमी केल्यावर तिची गरज कमी होत गेली. पण दांडा दिसला म्हणून छायाचित्र जुने, असा निष्कर्ष काढू नये. दुकानदार चांगले सामान टाकून देत नाहीत.

हिंदुस्थानातल्या छावण्यांत स्टुडिओ चालवणाऱ्यांत स्कॉटिश लोकही होते. बॅन्फशायरमध्ये जन्मलेले फ्रेड ब्रेम्नर १८८२ मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढे कराची, क्वेट्टा, लाहोर आणि रावळपिंडी इथे त्यांचे स्टुडिओ झाले. सिकंदराबादेत आणि १८९६ पासून मुंबईत स्टुडिओ चालवणारे लाला दीनदयाळ यांच्याकडेही लष्करी ग्राहक मोठ्या संख्येने येत. त्यामुळे हे काम ‘साहेबांनी साहेबांचे काढलेले छायाचित्र’ असे समजणे चूक ठरेल.

---

दुर्बीण

कोल्हापुरी_कॅमेरा यांचे शेवटचे वाक्य पुढे नेतो. युरोपियन नावाच्या स्टुडिओतही प्लेट धुणारे, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद चौकटीत घालून उन्हात छपाई करणारे, पुठ्ठ्यावर चिकटवणारे बहुतेक हात हिंदी होते, आणि त्यांची नावे कार्डावर येत नाहीत. रेजिमेंटच्या सामूहिक छायाचित्रांत हे आणखी स्पष्ट दिसते. किल्ट घातलेल्या सैनिकांच्या रांगेच्या कडेला भिश्ती, धोबी, न्हावी किंवा कुत्र्याची साखळी धरलेला मुलगा उभा असतो. खाली सार्जंटांची नावे ओळीने दिलेली असतात. या माणसाचा एक तर उल्लेखच नसतो, किंवा फक्त त्याच्या कामाचा असतो. वाचनवेडी यांनी बटणांविषयी जे म्हटले, त्याला माझे उत्तर असे आहे की हीच बारकाईची नजर कडेच्या माणसाकडेही वळवावी. त्याच्या पागोट्याची बांधणी, कमरेचा पट्टा, मशकीची वादी यांवरून तो कोणत्या प्रांतातला आणि रेजिमेंटचा कायमचा चाकर होता की नाही, याचा काही अंदाज बांधता येतो. पागोट्यांच्या पद्धतींवर आपल्याकडे जाणकार आहेत. या कामात ते सहज मदत करू शकतील, आणि स्कॉटलंडमधल्या अभ्यासकांना ते ज्ञान मिळायला दुसरा मार्ग नाही.

---

ॲबरडीनकर

दुर्बीण यांच्याशी पूर्ण सहमत. इथल्या संग्रहांत अशा माणसांची ओळख पटवण्याचे काम फारच थोडे झालेले दिसते.

---

भोकरदन

स्टुडिओचे शहर आणि सैनिकाची छावणी एकच असते का? मुंबईचा पत्ता असलेली कार्डे मी बरीच पाहिली आहेत, पण त्यांतल्या सगळ्या रेजिमेंट मुंबई इलाख्यात राहिलेल्या नसाव्यात.

---

दप्तरदार

एकच असेल असे मुळीच नाही, आणि हा मुद्दा काळ ठरवताना निर्णायक ठरतो. जहाजाने आलेल्या तुकड्या मुंबई बंदरात उतरत आणि १८६० च्या दशकापासून नाशिकजवळच्या देवळाली छावणीत थांबून उत्तरेकडे जात. मायदेशी परतणाऱ्याही तिथेच जहाजाची वाट पाहत. हाताशी वेळ असलेला, मुलुख सोडून निघालेला किंवा नुकताच पोहोचलेला सैनिक छायाचित्र काढून घेण्याची शक्यता अधिक. तेव्हा मुंबईच्या पत्त्याचा अर्थ ‘मुंबईतून गेला’ एवढाच घ्यावा. रावळपिंडीचेही तसेच. एप्रिल १८८५ मध्ये अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्यासाठी तिथे दरबार भरला तेव्हा दूरदूरचे सैन्य गोळा झाले होते. पत्त्यावरून छावणी ठरवण्याआधी बटालियन त्या वर्षी कुठे होती, हे आर्मी लिस्टमध्ये, म्हणजे लष्कराच्या छापील यादीत, पाहावे.

---

तळघर

स्कॅन केले. सगळ्यांनी सांगितलेल्या जागा पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि जे दिसले ते लिहितो.

मोज्यांची चौकडी स्वच्छ काळी-पांढरी आहे, दोन्ही पायांवर. किल्टच्या डाव्या बाजूच्या दोन घड्यांवर पातळ फिकी रेघ आहे. ती उभी आहे आणि एका ठिकाणी आडव्या रेघेला छेदते. कॉलर गडद आहे, म्हणजे पिवळ्या कॉलरशी जुळते, पण कोल्हापुरी_कॅमेरा यांच्या सूचनेप्रमाणे मी तिच्यावर भर देत नाही. उजव्या बाजूचे कॉलरचिन्ह हलल्यासारखे आहे. डाव्या बाजूचे चिन्ह ठळक आहे. चार पाय आणि खाली वळलेली सोंड आहे, तो हत्तीच.

पट्ट्याच्या सावलीत आणखी दोन पदके आहेत. एक गोल, त्याची फीत सगळी फिकी दिसते. त्यापलीकडे आणखी एक तारा आहे, आणि त्याच्या वरच्या कडीवर चंद्रकोर आहे.

---

दप्तरदार

म्हणजे दुसरा तारा इजिप्तच्या खेदिवाचा, तिथल्या राज्यकर्त्याचा, आणि शेजारचे गोल पदक इजिप्त मोहिमेचे. त्या पदकाची फीत निळी-पांढरी पट्टेदार असते. साध्या प्लेटवर निळा फिका पडतो, म्हणून ती एकसंध फिकी दिसते.

एकाच छातीवर कंदाहारचा आणि खेदिवाचा असे दोन तारे असणे ही नेमकी खूण आहे. १८८२ मध्ये इजिप्तला गेलेल्या हिंदी तुकडीबरोबर सीफोर्थची पहिली बटालियन, म्हणजे पूर्वीची ७२वी, होती आणि १३ सप्टेंबर १८८२ च्या तेल-अल-केबीरच्या लढाईत तिने भाग घेतला. त्यामुळे हे दोन तारे एकत्र मिळवण्याची संधी त्याच बटालियनच्या माणसांना सर्वाधिक होती. गॉर्डनच्या बाबतीत कंदाहारला गेलेली बटालियन वेगळी आणि तेल-अल-केबीरला गेलेली वेगळी. ९२वी अफगाणिस्तानातून दक्षिण आफ्रिकेला गेली आणि फेब्रुवारी १८८१ मध्ये मजुबा टेकडीवर लढली. इजिप्तमध्ये लढली ती पूर्वीची ७५वी. एका बटालियनमधून दुसरीत बदली झालेला एखादा गॉर्डनही दोन्ही तारे मिळवू शकला असता, म्हणून केवळ ताऱ्यांवर मी निर्णय दिला नसता. मोजे, पांढरी रेघ आणि हत्ती सोबत आल्यावर मात्र माझ्या मनात शंका उरत नाही. हा सीफोर्थ हायलँडर आहे.

---

कापडपेठ

मग पेन्सिलीच्या नोंदीचे काय करायचे? खोडायची का?

---

तळघर

खोडायची नाही. ती कोणी, केव्हा आणि कशावरून लिहिली, हा कार्डाच्या पुढच्या प्रवासाचा भाग आहे. हरणाचे डोके पाहून एखाद्या विक्रेत्याने लिहिली असेल, किंवा एखाद्या नातवाने ऐकीव माहितीवरून. मी कार्डावर काहीही न लिहिता, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटावर नव्या निष्कर्षाची नोंद तारखेसह करणार आहे.

आता काळाचा प्रश्न उरतो.

---

ॲबरडीनकर

काळाची खालची मर्यादा पदकांनीच दिली आहे. इजिप्तची पदके छातीवर आहेत, म्हणजे छायाचित्र १८८२ च्या मोहिमेनंतरचे. पण पहिली बटालियन मोहीम संपल्यावर मायदेशी परतली, आणि हा माणूस तर रावळपिंडीच्या पडद्यापुढे उभा आहे. याचे सरळ स्पष्टीकरण असे की सीफोर्थची दुसरी बटालियन, म्हणजे पूर्वीची ७८वी, तेव्हा हिंदुस्थानात होती आणि मायदेशातल्या बटालियनने परदेशातल्या बटालियनला माणसे पुरवत राहायची, अशीच जोड-बटालियनची व्यवस्था होती. दुसरी बटालियन १८९७ मध्ये हिंदुस्थान सोडून गेली, ती झाली वरची मर्यादा.

ही मर्यादा आणखी खाली आणता येते. मनगटाकडे टोक वर असलेल्या पट्ट्या सद्वर्तनाच्या असतात. दंडावर टोक खाली असलेल्या हुद्द्याच्या पट्ट्यांशी त्यांची गल्लत करू नये. त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिली दोन वर्षांनी, दुसरी सहा वर्षांनी आणि तिसरी बारा वर्षांनी मिळे. दोन पट्ट्या म्हणजे सेवा सहा ते बारा वर्षांमधली. शिक्षा झाली तर पट्टी जात असे, म्हणून बारा वर्षे ही कमाल मर्यादा पूर्ण खात्रीची नाही. तो १८८० च्या कूचात होता, म्हणजे भरती फार उशिरा धरली तरी त्या वर्षाच्या आधीची. त्यामुळे छायाचित्र १८९२ च्या पुढचे असणे अवघड. शिवाय दुसरी बटालियन १८८८ च्या हजारा मोहिमेत गेली होती आणि त्या मोहिमेचे पदक त्याच्या छातीवर नाही. तो आजारी असेल, मागे ठेवला गेला असेल, म्हणून हा मुद्दा मी आधार म्हणून सांगतो, पुरावा म्हणून नव्हे. माझा अंदाज १८८३ ते १८८८.

---

वाचनवेडी

एवढ्या सगळ्यावरून आता नावापर्यंत जाता येईल का? माझ्या मनात हा माणूस आता निव्वळ गणवेश राहिलेला नाही. विशीत अफगाणिस्तान, मग इजिप्त, मायदेशाचे थोडे दिवस आणि पुन्हा पंजाब. कोणी तरी याची वाट पाहत असेल.

---

दप्तरदार

वाचनवेडी, नावांच्या एका छोट्या यादीपर्यंत जाता येईल. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १०० या मालिकेत पदकांच्या याद्या आहेत आणि त्यांच्या प्रती संगणकावर पाहता येतात. ७२व्या रेजिमेंटची कंदाहारची यादी आणि पहिल्या सीफोर्थची इजिप्तची यादी शेजारी ठेवायची, दोन्हींत असलेले क्रमांक वेगळे काढायचे, मग डब्ल्यूओ ९७ मधल्या निवृत्तीच्या कागदांत त्यांपैकी कोण दुसऱ्या बटालियनकडे गेले ते पाहायचे. त्या कागदांवर उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि परदेशातल्या सेवेच्या तारखा असतात. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या नोंदींपैकी सुमारे साठ टक्के सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, पण या आधीच्या काळाचे कागद वेगळ्या मालिकेत असल्याने वाचले आहेत. त्यांत एक उणीव आहे. १८८३ पूर्वीच्या कागदांत मुख्यतः निवृत्तिवेतन मिळालेलेच सापडतात, त्यानंतर मुदत संपवून गेलेल्यांचेही कागद ठेवले गेले. आपला माणूस त्या वर्षानंतर सुटला असल्याने त्याचा कागद असण्याची शक्यता चांगली आहे.

त्यापुढे जायचे तर नाव लिहिलेले दुसरे छायाचित्र किंवा नाव कोरलेले पदक लागेल. खेदिवाचे तारे नाव न कोरता दिले जात, कंदाहारच्या ताऱ्याच्या मागे मात्र नाव, क्रमांक आणि रेजिमेंट ठोकलेली असते. ॲबरडीनकर, फोर्ट जॉर्जला जाणे झाले तर तिथल्या संग्रहात दोन्ही तारे असलेले पदकसंच किती आहेत, तेवढे विचारून यावे. तोवर यादीचे काम मी सुरू करतो. क्रमांक टंकित करायला कोणी हातभार लावणार असेल तर इथेच कळवावे.

---

दुर्बीण

मी येतो. ७२व्या रेजिमेंटची यादी माझ्याकडे द्यावी.